डोळे कोरडे, पण बिघाड नेमका कुठे?

मुंबईत कुणाला ‘तुमचे डोळे कोरडे पडलेत’ असं सांगितलं की दोन हरकती हमखास येतात. पहिली हवेची. जिथे पावसाळ्यात धुतलेला टॉवेल दोन दिवस ओलाच राहतो आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथे डोळे कसे वाळतील? दुसरी हरकत जास्त रास्त वाटते. डोळ्यांतून तर पाणी येतंय! लोकलच्या दाराशी उभं राहिलं की गालावर ओघळ येतात, हातातला रुमाल खाली ठेवता येत नाही. याला कोरडेपणा कसं म्हणायचं?

डोळा ओला ठेवणारं पाणी वेगळं आणि डोळ्यातून वाहणारं पाणी वेगळं. बुबुळावरच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे कॉर्नियावर, अश्रूंचा एक थर सतत पसरलेला असतो. त्याची जाडी साधारण ३ मायक्रॉन, केसाच्या जाडीचा अंदाजे विसावा हिस्सा. हा थर जागोजागी फाटला की खालच्या नसा उघड्या पडतात आणि मेंदूला कळवतात, डोळ्यात काहीतरी गेलंय. मग अश्रुग्रंथी घाईघाईने पाणी सोडते. या पाण्याला धरून ठेवणारं तेल आणि चिकट द्रव्य पुरेसं नसेल, तर ते डोळ्यावर टिकत नाही, ओघळून जातं. मागे डोळा पुन्हा कोरडा. म्हणून पाणी येणं हे अनेकदा कोरडेपणाचंच लक्षण असतं.

रूमॅटॉइड संधिवात, ल्युपस, थायरॉइडचे काही आजार, सोरायसिस, कातडी ताठ करणारा स्क्लेरोडर्मा अशा ऑटोइम्यून आजारांत, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते तेव्हा, ही तक्रार फार आढळते. आणि तिथेच गफलत होते. ‘कोरडे डोळे’ हे काही एका बिघाडाचं नाव नाही. ‘घरात पाणी नाही’ म्हटल्यावर सोसायटीचा प्लंबर आधी विचारतो की टाकी रिकामी आहे, पंप बंद आहे, पाइप तुंबलाय की कुठे गळतंय. डोळ्याच्या बाबतीत मात्र बहुतेक जण केमिस्टकडून एक बाटली आणतात आणि सगळ्या बिघाडांवर तीच ओततात.

थरात काय काय असतं

अश्रू म्हणजे नुसतं खारं पाणी नव्हे. कॉर्नियाला लागून म्युसिन नावाचं चिकट द्रव्य असतं. ते डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ अस्तरातल्या गॉब्लेट पेशी बनवतात. त्यामुळे पाणी अळवाच्या पानावरच्या थेंबासारखं गोळा न होता सगळीकडे सारखं पसरतं. म्युसिनसोबत पाण्याचा भाग असतो. तो मुख्यतः भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत बसलेल्या अश्रुग्रंथीतून येतो. त्यात जंतूंशी लढणारी लायसोझाइम, लॅक्टोफेरिनसारखी प्रथिनं असतात. सगळ्यात वर तेलाचा तवंग, जो पाणी उडू देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०.

आणि हे सगळं पसरवणारी पापणी. मिनिटाला १५ ते २० वेळा ती वायपरसारखी फिरते. स्क्रीनकडे टक लावली की हेच प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं.

या साखळीतली कोणतीही कडी तुटू शकते. पाणी कमी झालं किंवा उडून गेलं की उरलेले अश्रू जास्त खारट होतात, खारट अश्रूंनी पृष्ठभागाच्या पेशींना सूज येते, सुजेने गॉब्लेट पेशी आणि नसा बिघडतात, त्यामुळे थर आणखी लवकर फाटतो. एकदा हे चक्र सुरू झालं की मूळ कारण कोणतंही असो, सूज हा सगळ्यांचा सामाईक भाग बनतो. म्हणून नुसतं पाणी घालून अनेकांचं भागत नाही.

टाकीच रिकामी: अश्रुग्रंथीवरचा हल्ला

१९३३ मध्ये हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने आपल्या प्रबंधात डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांचं वर्णन केलं. त्यांतल्या १३ जणींना सांधेदुखीही होती. डोळा, तोंड आणि सांधे यांचा एकमेकांशी संबंध आहे ही गोष्ट त्यातून ठळक झाली. आज हा आजार त्याच्याच नावाने ओळखला जातो. ओपीडीत ‘जोग्रेन’, ‘स्जोग्रेन’ असे सगळे उच्चार कानावर येतात, आजार तोच.

यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींमध्ये शिरून ठाण मांडतात. ग्रंथीच्या पेशी हळूहळू मरतात हे खरं, पण गोष्ट एवढीच नाही. ग्रंथीचा बराच भाग शाबूत असतानाही पाणी कमी येतं, कारण सुजेची रसायनं आणि काही अँटीबॉडी नसांकडून येणारा ‘पाणी सोड’ हा निरोप ग्रंथीपर्यंत नीट पोहोचू देत नाहीत. टाकीत थोडं पाणी आहे, पण पंपाची वायर कापलेली, अशी अवस्था. पायलोकार्पिनच्या गोळीचा काहींना उपयोग होतो तो यामुळेच. ती उरलेल्या ग्रंथीला थेट ढकलते.

दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, आणि आजार बहुधा चाळिशी-पन्नाशीत लक्षात येतो. नेमकं याच वयात पाळी जाते, हार्मोन बदलतात आणि त्यानेही डोळे कोरडे होतात. त्यामुळे ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून वर्षानुवर्षं निघून जातात. फरक ओळखायला काही साधे प्रश्न उपयोगी पडतात. तीन महिन्यांहून जास्त काळ रोज त्रास आहे का? डोळ्यात वाळू गेल्यासारखं वारंवार खुपतं का? दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा ड्रॉप घालावे लागतात का? कोरडा पाव किंवा चपातीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही का? कांदा चिरताना, रडतानाही पाणी येईनासं झालंय का? साध्या कोरडेपणात कांद्याने पाणी येतं. शोग्रेन पुढे गेलेला असेल तर तेही आटतं. दात हिरडीजवळ पटापट किडणं, सकाळी जीभ टाळूला चिकटणं, कानाखाली गालफडं सुजणं या गोष्टी डोळ्याच्या डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात. डोळ्याच्या ओपीडीत दातांबद्दल कोण विचारणार?

शोग्रेन स्वतंत्रपणे होतो, तसाच संधिवात, ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासोबतही येतो. संधिवाताच्या रुग्णांनी एक लक्षात ठेवावं: सांधे किती दुखतात आणि डोळे किती कोरडे आहेत यांचा मेळ बसेलच असं नाही. सांधे औषधाने शांत झाले, तरी डोळ्याचं दुखणं आपल्या गतीने चालू राहू शकतं.

पाणी आहे, पण उडून जातं

ऑटोइम्यून आजार म्हटला की सगळे अश्रुग्रंथीकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात पापणीच्या तेलग्रंथी तुंबणं हे कोरड्या डोळ्यांचं अतिशय सामान्य कारण आहे, आणि ज्यांना शोग्रेन आहे त्यांच्यातही ते बऱ्याचदा जोडीला असतं. तेल पातळ राहण्याऐवजी गोठतं, टूथपेस्टसारखं होतं, ग्रंथीचं तोंड बंद होतं. वर्षानुवर्षं तुंबलेली ग्रंथी आक्रसून नाहीशी होते आणि परत येत नाही. सोरायसिसमध्ये पापण्यांच्या कडेला खवले धरतात, रोझेशियामध्ये, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणणाऱ्या त्वचेच्या आजारात, कडा लाल होतात. पुन्हा पुन्हा रांजणवाडी होणं, सकाळी पापण्यांच्या कडा चिकटणं, चष्मा बरोबर असूनही वाचताना धूसर होणं आणि पापणी मिटल्यावर क्षणभर स्पष्ट दिसणं, ही तेलाच्या बिघाडाची लक्षणं.

काजळाचा उल्लेख इथे करायलाच हवा. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर रोज काजळ घातलं की ते बरोबर तेलग्रंथींच्या तोंडावर बसतं. घालायचंच असेल तर पापण्यांच्या केसांच्या बाहेरून, आणि झोपण्याआधी पूर्ण काढून.

पापणी मिटतच नाही

ग्रेव्ह्ज या थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजारात डोळ्यामागची चरबी आणि स्नायू सुजतात. डोळे पुढे येतात, वरची पापणी मागे ओढली जाते, आणि डोळ्याचा जास्त भाग उघडा राहतो. अश्रू पुरेसे बनत असले तरी एवढ्या मोठ्या उघड्या भागावरून ते भराभर उडतात. रात्री तर पापण्या पूर्ण मिटतही नाहीत. रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, औषधाने जागेवर आला म्हणजे डोळेही जागेवर आले असं होत नाही. दोन्ही वेगवेगळ्या वेळापत्रकाने चालतात. सिगारेटने हा आजार निश्चितपणे बळावतो. थायरॉइडसाठी रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा, उपचार ठरत असेल, तर डोळ्यांचा त्रास आधीच सांगायला हवा, कारण त्या उपचाराने काहींचे डोळे बिघडतात.

स्क्लेरोडर्मात पापणीची कातडीच ताठ होते आणि मिटायला कमी पडते. मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या ऑटोइम्यून आजारात पापणी खाली पडते हे सगळ्यांना दिसतं, पण डोळा घट्ट मिटणारा स्नायूही दुबळा असतो हे नजरेतून सुटतं.

याची घरगुती तपासणी सोपी आहे. गाढ झोपेत असताना घरातल्या कुणीतरी मोबाइलच्या मंद उजेडात, तो थेट डोळ्यावर न मारता, पापण्यांमध्ये पांढरी फट दिसते का ते पाहावं. वेळेवरूनही अंदाज बांधता येतो. उठल्या उठल्या सगळ्यात जास्त त्रास असेल तर रात्री उघडी राहणारी पापणी किंवा तेलग्रंथींचा बिघाड यांचा संशय घ्यावा. सकाळी बरं आणि संध्याकाळपर्यंत वाढत जाणारी चुरचुर असेल तर पाणीच कमी पडतंय, असा कयास जास्त बसतो.

चिकट थर आणि नसा

म्युकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड हा आजार विरळा आहे, पण चुकवून चालणारा नाही. यात डोळ्याच्या अस्तरावरच हल्ला होतो, गॉब्लेट पेशी मरतात, व्रण भरताना पापणीचं आतलं अस्तर डोळ्याला चिकटतं आणि केस आत वळून बुबुळावर घासतात. पन्नाशी-साठीनंतर सतत लाल डोळे, आत वळणारे केस आणि तोंडात बऱ्या न होणाऱ्या जखमा हे त्रिकूट दिसलं तर नुसत्या ड्रॉपवर वेळ घालवू नये.

नसांचा प्रकार सगळ्यात गोंधळात टाकणारा. शोग्रेनमध्ये आणि जुन्या मधुमेहात, टाइप १ त्यातच आला, कॉर्नियाच्या नसा खराब होतात. कुणाच्या नसा बधिर होतात: डोळ्यावर जखमा असतात, पण दुखत नाही, म्हणून माणूस उशिरा येतो. कुणाच्या अतिसंवेदनशील होतात: तपासणीत डोळा जवळजवळ स्वच्छ आणि रुग्ण म्हणतो आग आग होतेय. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवणं चूक आहे. दुखणं खरंच असतं, फक्त ते नसेचं असतं आणि त्याचं औषधही वेगळं असतं.

आणखी एक आडवळणाचं कारण म्हणजे जीवनसत्त्व अ. सीलिएक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, किंवा पित्तनलिकांचा ऑटोइम्यून आजार असेल तर चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं आतड्यात नीट शोषली जात नाहीत, आणि अ कमी पडलं की गॉब्लेट पेशी घटतात. अंधारात दिसायला कमी झालं असेल तर हे आवर्जून तपासून घ्यावं.

औषधांच्या डब्यात एकदा डोकावा

ज्याला दीर्घ आजार आहे त्याच्याकडे औषधांचा डबा असतोच. त्यातली काही औषधं डोळे वाळवतात. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत असणारं क्लोरफेनिरामिन, नसांच्या दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी रात्री दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी होते म्हणून घेतलेलं ऑक्सिब्युटिनिन, ही सगळी ग्रंथींना जाणारा तोच ‘पाणी सोड’ निरोप अडवतात. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन तेलग्रंथी सुकवतं. काचबिंदूच्या ड्रॉपमधलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक रसायन वर्षानुवर्षं पडत राहिलं की पृष्ठभागाच्या पेशी खराब करतं. डोळ्याची लाली घालवणारे नॅफाझोलिनचे ड्रॉप तर या दुखण्यावर बिनकामाचे; लाली तासाभरापुरती जाते आणि नंतर दुपटीने येते. मेथोट्रेक्सेटने काहींच्या डोळ्यांत चुरचुर होते, पण सांध्यांचं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. यादी डॉक्टरांपुढे ठेवावी, बदल त्यांनी करावा.

संधिवात आणि ल्युपसमध्ये दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दलचा गैरसमज इथेच दूर केलेला बरा. हे औषध डोळे कोरडे करतं म्हणून तपासणी सांगत नाहीत. ते फार वर्षांनी पडद्याला, म्हणजे रेटिनाला, इजा करू शकतं म्हणून सांगतात. डोस रोज वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, म्हणजे ५० किलो वजनाला दिवसाला २५० मिलिग्रॅमपर्यंत. सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा आणि ५ वर्षांनंतर दर वर्षी पडदा तपासतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधीपासूनच. त्या तपासणीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणजे अश्रूही ठीक, असा अर्थ काढू नये. पडद्याचा स्कॅन अश्रूंकडे बघतच नाही.

दमट शहरात कोरडी हवा

बाहेर दमट असलं तरी आठ-नऊ तास आपण बसतो कुठे? एसी हवेतली वाफ काढून घेतो, ते पाणी मागच्या नळीतून ठिबकताना दिसतंच. त्याचा झोत तोंडावर, समोर स्क्रीन, पापण्यांची उघडझाप निम्मी. परतताना लोकलच्या दारातला वारा किंवा बाइकवर हेल्मेटची काच वर. जागोजागच्या बांधकामांची धूळ आहेच. यांतल्या कशानेही ऑटोइम्यून आजार होत नाही, पण काठावर टिकलेला अश्रूंचा थर यानेच फाटतो. झोत फिरवणं, पंखा पायांकडे ठेवणं आणि स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली घेणं याला पैसे लागत नाहीत. स्क्रीन खाली गेली की पापणी थोडी मिटते आणि उघडा भाग कमी होतो.

तपासणीत काय होतं

तपासणीला जाताना निदान दोन तास आधीपासून कोणतेही ड्रॉप घालू नयेत, काजळ-मेकअप नको, कॉन्टॅक्ट लेन्स काढलेल्या. नाहीतर आकडे चुकतात.

आधी फ्लोरेसिन हा पिवळा रंग लावून शेवटच्या उघडझापीपासून थर फाटायला किती सेकंद लागतात ते मोजतात. १० सेकंदांपेक्षा कमी म्हणजे थर टिकत नाही. त्याच रंगाने कॉर्नियावरचे ओरखडे दिसतात, हिरव्या लिसामिनने पांढऱ्या भागावरचे. पापणी दाबून तेल कसं येतंय ते पाहतात. सगळ्यात शेवटी शर्मर चाचणी. ऑटो शर्मर यांनी १९०३ मध्ये सांगितलेली ही चाचणी अजून तशीच आहे: ५ मिलिमीटर रुंदीची टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला अडकवायची आणि ५ मिनिटांनी किती भिजली ते मोजायचं. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे पाणी खरोखर कमी. पट्टी आधी लावली तर ती टोचून पृष्ठभाग बिघडवते आणि बाकीच्या चाचण्या खोट्या पडतात, म्हणून हा क्रम. एकच शर्मर करून निदान सांगून टाकणं घाईचं होतं. तेलाच्या बिघाडात ती चाचणी अगदी चांगली येऊ शकते.

शोग्रेनचा संशय असेल तर रक्तात अँटी-रो ही अँटीबॉडी, जिला एसएसए असंही लिहितात, तपासतात. ऑटोइम्यून आजारांसाठी सुरुवातीला करतात ती एएनए ही रक्ततपासणी नुसती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नये, ती निरोगी माणसांतही येते. उलट अँटी-रो निगेटिव्ह आला तरी आजार नाही असं ठरत नाही. मग खालच्या ओठाच्या आतून, जागा बधिर करून, साबुदाण्याएवढ्या चार-सहा लाळग्रंथी काढून तपासतात. २०१६ पासूनच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अँटी-रो आणि ओठाची बायोप्सी यांना प्रत्येकी ३ गुण, तर शर्मर, डोळ्यावरचे रंगाचे डाग आणि लाळेचं प्रमाण यांना प्रत्येकी १ गुण आहे; ४ गुण झाले की वर्गीकरणात शोग्रेन. हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, अवयवांत सुजेच्या गाठी करणारा सार्कॉइड आणि मान-चेहऱ्यावर घेतलेलं रेडिएशन यांनीही अगदी असंच चित्र दिसतं, म्हणून ते आधी वगळतात.

अँटी-रो पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रीने मूल हवं असेल तर हा अहवाल प्रसूतितज्ज्ञांना दाखवायलाच हवा. या अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत जातात आणि शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येऊ शकतो. डोळ्यांच्या तक्रारीतून निघालेला हा धागा बाळाच्या सोनोग्राफीपर्यंत पोहोचतो.

केईएम, जेजे, शीव, नायर या सार्वजनिक रुग्णालयांत नेत्रविभाग आणि मेडिसिन विभाग एकाच आवारात असतात, याचा फायदा घ्यावा. डोळ्याचे कागद सांध्यांच्या डॉक्टरांना आणि त्यांचे कागद डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवले गेले नाहीत, तर दोघंही अर्धंच चित्र पाहतात.

बिघाडाप्रमाणे उपाय

कृत्रिम अश्रू सगळ्यांनाच लागतात, पण घालायची पद्धत चुकते. डोळ्यात एरवी अश्रू असतात साधारण ७ मायक्रोलीटर आणि बाटलीचा एक थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलीटरचा. म्हणजे दुसरा थेंब लगेच घातला तर तो गालावरच जाणार. हात धुवून, वर बघून, खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक कुठेही न टेकवता. मग दोन मिनिटं डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा हलका दाबून ठेवायचा. दुसरं औषध ५ मिनिटांनी, जेल किंवा मलम सगळ्यात शेवटी. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ड्रॉप लागत असतील तर संरक्षक रसायन नसलेलेच घ्यावेत. ०.५ टक्के कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा ०.१ टक्के सोडियम हायल्युरोनेट असं लेबलवर लिहिलेलं असतं. ब्रँडपेक्षा हे वाचणं महत्त्वाचं. आग होण्याची वाट न बघता घड्याळाप्रमाणे घातले तर उपयोग जास्त.

तेलाच्या बिघाडाला शेक. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत थंड होतो, म्हणून तो दोन-दोन मिनिटांनी बदलत ५ ते १० मिनिटं शेकायचं. उष्णता मनगटाला सोसेल एवढीच, साधारण ४० अंश. गोठलेलं तेल वितळलं की लगेच वरच्या पापणीवरून खाली आणि खालच्या पापणीवरून वर हलकं बोट फिरवायचं, मग कडा पुसून घ्यायच्या. दोन दिवस करून सोडणाऱ्यांना काहीच फरक पडत नाही. निदान महिनाभर रोज करावं लागतं.

पापणी मिटत नसेल तर झोपताना जाड मलम, आणि डॉक्टरांनी दाखवलेल्या पद्धतीने पापणीवर मायक्रोपोर टेप किंवा ओलावा धरून ठेवणारा गॉगल. इथे शेक घेऊन काही साधत नाही.

सूज असेल तर सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप, बहुधा ०.०५ टक्के, दिवसातून दोनदा. ते सुरुवातीला झोंबतात आणि परिणाम दिसायला ३ ते ६ महिने लागतात. पहिल्या पंधरवड्यात ‘उपयोग नाही’ म्हणून बाटली फेकणारे खूप. तो मधला काळ निभावण्यासाठी डॉक्टर काही आठवडे सौम्य स्टेरॉइड ड्रॉप देतात, पण डोळ्याचा दाब मोजत.

पाणीच कमी असेल तर अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत सिलिकॉनचं बूच बसवतात. आधी सूज उतरवून मगच, नाहीतर सुजेची रसायनं असलेलं पाणी डोळ्यातच साठतं. पायलोकार्पिनची ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन-चार वेळा देतात. तिने घाम खूप येतो, आणि मे महिन्यातल्या मुंबईत ही तक्रार लहान नाही. आटोक्यात नसलेला दमा आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांना ती चालत नाही. याने भागलं नाही तर स्वतःच्याच रक्तातून बनवलेले २० टक्के सीरम ड्रॉप, जे फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, किंवा पांढऱ्या भागावर टेकणारी आणि आत द्रव धरणारी स्क्लेरल लेन्स.

गुलाबपाणी, मध, तूप, त्रिफळ्याचं पाणी डोळ्यात घालू नये. यांत जंतू नसतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि कोरड्या डोळ्यात जंतूंशी लढणारी प्रथिनं आधीच कमी असतात.

वाट बघू नये असं काही

एका डोळ्याची नजर अचानक कमी होणं, उजेड सहन न होणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं, किंवा रात्री झोपेतून उठवणारी, कपाळापर्यंत जाणारी खोल ठणक. ही नुसत्या कोरडेपणाची लक्षणं समजू नयेत. संधिवातात डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला सूज येऊ शकते आणि कॉर्नियाचा काठ विरघळून त्याला भोक पडू शकतं, तेही कधीकधी काही दिवसांतच. कानाखालची गाठ सतत वाढत राहणं हेही लवकर दाखवावं, कारण शोग्रेनमध्ये लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र त्याच दिवशी जायचं, रविवार असला तर आपत्कालीन विभागात. आणि जाण्याआधी घरात पडलेला जुना स्टेरॉइड ड्रॉप घालायचा नाही: लाली उतरते, दुखणं तात्पुरतं दबतं, आणि आत जंतुसंसर्ग असेल तर तो त्याच थेंबाने पसरतो.